दुसऱ्याची ठेव : इस्पितळाच्या संशोधन-कार्यालयातील टपाल आणि पेट्या

(सिनेगॉगच्या सभागृहात शब्बाथ संपल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर डॉक्टर बोलले, वकील बोलले, प्राध्यापक बोलले. टपाल सांभाळणाऱ्या बाईला व्यवस्थापक मंडळींनी बोलाविले, याचे मला प्रथम नवल वाटले आणि मग आनंद झाला. एका मोठ्या इस्पितळाच्या संशोधन-कार्यालयात बावीस वर्षे माझ्याकडे एकच काम होते : आलेले टपाल उघडणे किंवा न उघडणे, ते योग्य हाती पोहोचविणे, आणि येथून जगभर जाणाऱ्या पेट्या बांधून पाठविणे. ऐकावयास हे काम अगदी साधे वाटते. आपल्या समाजाला तर ते परकेही नाही. कोकणातून मुंबईस आल्यावर आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जण फौजेत गेले, रेल्वेत गेले, टपाल खात्यात आणि कस्टम्समध्ये लागले. पावती, शिक्का आणि नोंदवही यांच्याशी बेने इस्राएलांचे नाते जुने आहे. परंतु इस्पितळातील संशोधनाच्या टपालाला स्वतःचा एक धर्म आहे, आणि त्याविषयीच मी आज बोलणार आहे.

प्रथम या कार्यालयात येते-जाते काय, ते सांगते. एखाद्या नव्या औषधाची चाचणी चालू असते. औषध बनविणारी कंपनी एका देशात असते, रक्त तपासणारी प्रयोगशाळा दुसऱ्या देशात असते, आणि रोगी आपल्या इस्पितळात असतात. म्हणून औषध बाहेरून येते आणि रक्ताच्या, लघवीच्या, कधी मांसपेशींच्या तुकड्यांच्या नळ्या बाहेर जातात. त्यांच्याबरोबर कागद प्रवास करतात : संमतिपत्रे, करारपत्रे, समितीची मंजुरी, कस्टम्ससाठी मालाचे वर्णन. काही पाकिटांवर ‘खाजगी’ असे लिहिलेले असते. काहींवर काहीच लिहिलेले नसते आणि आत एखाद्याच्या आजाराचे निदान असते.

पाकिटापासूनच आरंभ करू. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी माइन्झ नगरात रब्बेनू गेर्शोम नावाचे थोर आचार्य होऊन गेले. एकापेक्षा अधिक बायका करण्यास त्यांनी बंदी केली, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्याच नावे आणखी एक बंदी सांगितली जाते : दुसऱ्याचे पत्र त्याच्या परवानगीवाचून वाचू नये. त्या काळी पत्रे सरकारी टपालातून जात नसत. व्यापाऱ्याच्या, यात्रेकरूच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती ती दिली जात. वाहकाने मधेच पत्र वाचले, तर पाठविणाऱ्याचा व्यापार बुडे, कधी अब्रूही जाई. पुढे कित्येक शतके यहुदी लोक पत्राच्या बाहेरच्या बाजूस या बंदीची आद्याक्षरे लिहीत असत, म्हणजे हाती घेणाऱ्यास आठवण राहावी. माझ्या टेबलावर येणाऱ्या पाकिटांवर ती अक्षरे नसत. पण पाकीट कोणी उघडावयाचे, कोणी फक्त शिक्का मारून पुढे द्यावयाचे आणि चुकीच्या विभागात आलेले पाकीट न उघडता कसे परत करावयाचे, याचे आमचे नियम वाचले की मला माइन्झचे ते आचार्य आठवत. कायद्याची भाषा नवी आहे, विचार जुना आहे.

आता पेटीकडे वळू. आपल्यापैकी ज्यांनी अलिबाग-पेणकडून मुंबईस किंवा मुंबईहून येथे लोणच्याची बरणी आणली आहे, त्यांना नमुना कसा बांधावा हे अर्धे शिकवावेच लागत नाही. बरणीचे झाकण घट्ट लावावयाचे, त्याभोवती फडके गुंडाळावयाचे, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावयाचे, आणि मग सर्व एका टणक डब्यात ठेवावयाचे. तेल गळलेच तर फडक्याने शोषावे, फडक्याबाहेर गेले तर पिशवीने अडवावे, आणि डब्यावर कोणी बॅग टाकली तरी बरणी फुटू नये.

रक्ताच्या नमुन्याचे आंतरराष्ट्रीय नियम हेच सांगतात. पहिले पात्र म्हणजे नळी, ती गळता कामा नये. तिच्याभोवती आतील सर्व द्रव शोषू शकेल इतका कापूस किंवा तत्सम पदार्थ हवा. दुसरे पात्र तेही न गळणारे, आणि सर्वांत बाहेर टणक पेटी. याला तिहेरी बांधणी म्हणतात. विमान वर गेले की भोवतालच्या हवेचा दाब उतरतो आणि नळीतील हवा बाहेर पडू पाहते, म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या पात्राने 95 किलोपास्कल इतका दाबातील फरक सोसला पाहिजे. बांधलेली पेटी 1.2 मीटर उंचीवरून पडली तरी आतील नळी गळू नये, असाही दंडक आहे. एका नळीत एक लिटरहून अधिक आणि एका पेटीत चार लिटरहून अधिक द्रव विमानाने पाठविता येत नाही. बाहेर चौकट तिरपी करून काढलेले एक चिन्ह असते आणि त्यात ‘यूएन 3373’ हा अंक असतो. हा अंक जगातील कोणत्याही विमानतळावरील हमालास एवढेच सांगतो की आत रोग्याचा नमुना आहे, जपून हाताळा. त्याहून भयंकर जंतू असलेल्या मालाचा वर्ग वेगळा, अंक वेगळा, पेटी वेगळी, कागद कितीतरी अधिक. कोणता नमुना कोणत्या वर्गात बसतो, हे ठरविणे माझे काम नव्हते. ते डॉक्टरने ठरवून सही करावयाचे, आणि सही नसेल तर मी पेटी बांधावयाची नाही.

गोठविलेल्या नमुन्यांसाठी ड्राय आइस लागतो. हा पाण्याचा बर्फ नव्हे. कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून तो बनवितात, त्याचे तापमान उणे 78.5 अंश असते, आणि तो वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होऊन उडतो. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून अधिक वायू होतो. नवख्या माणसाची सहज प्रवृत्ती अशी की थंडी टिकावी म्हणून पेटी चिकटपट्टीने चोहोबाजूंनी बंद करावी. असे केल्यास वायूस वाट मिळत नाही आणि पेटी फुटते. म्हणून बाहेरच्या पेटीने श्वास घेतला पाहिजे. तोच वायू बंद मोटारीत किंवा छोट्या खोलीत साठला, तर माणूस गुदमरतो. यासाठी पेटीवर धोकादायक मालाच्या नवव्या वर्गाचे लेबल, ‘यूएन 1845’ हा अंक आणि आत किती किलो ड्राय आइस आहे तो आकडा लिहावा लागतो, म्हणजे एका विमानात किती भरावयाचा याचा हिशेब विमान कंपनीस करता येतो. विमान-वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची धोकादायक मालाविषयीची नियमावली दरवर्षी 1 जानेवारीस नवी होते, आणि पेटी बांधणाऱ्यास दर 24 महिन्यांनी पुन्हा प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. माझ्या नातवास याचे फार हसू येई. तो म्हणे, ‘आजी, तुझी परीक्षा आणि माझी परीक्षा एकाच आठवड्यात!’

मंडळी, पेटी बांधणे हातांचे काम आहे. ती कोणत्या दिवशी पाठवावी हे मात्र पंचांगाचे काम आहे, आणि येथे इस्राएलातील टपालवाल्याची खरी कसोटी लागते. ड्राय आइस रोज थोडा थोडा उडत असतो, आणि पेटी कितीही जाड असली तरी त्याची मुदत ठरलेली असते. आमचा कामाचा आठवडा रविवारपासून गुरुवारपर्यंत. युरोप-अमेरिकेचा सोमवारपासून शुक्रवारपर्यंत. गुरुवारी येथून पेटी निघाली, शुक्रवारी तिकडे उतरली आणि कस्टम्सच्या एका प्रश्नात अडकली, की मग तेथे शनिवार, तेथे रविवार, आणि सोमवारी दुपारी पेटी उघडणाऱ्यास आत कोमट नळ्या मिळावयाच्या. येथे शुक्रवारी दुपारनंतर कोणी फोन उचलीत नाही, आणि एल अलची विमाने शब्बाथला उडत नाहीत. म्हणून माझा नियम असा होता : गोठविलेली पेटी रविवारी किंवा सोमवारी निघावी, फार तर मंगळवारी. बुधवारी केवळ जवळच्या देशाची. गुरुवारी काहीही नाही.

माझ्या भिंतीवर दोन पंचांगे असत. एकात तिश्रीचे सण, पेसाह, शावुओथ. दुसऱ्यात नाताळ, ईस्टर आणि जेथे जेथे प्रयोगशाळा होत्या तेथील सुट्ट्या. तिश्री महिन्यात कधी कधी सलग तीन आठवड्यांत पेटी पाठविण्यास योग्य असे चार-पाचच दिवस निघत. नवीन आलेले तरुण डॉक्टर कुरकुर करीत : ‘विज्ञान सणांसाठी थांबते काय?’ मी त्यांना सांगे की विज्ञान फ्रीझरमध्ये उणे 80 अंशांवर सुखाने थांबते, रस्त्यावर मात्र थांबू शकत नाही. ज्यांच्या पूर्वजांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांच्या लेकीस आठवड्याची आखणी शब्बाथभोवती करणे जड जाण्याचे कारण नव्हते. कुलाब्यातील ते तेली शुक्रवारी दुपारी तीळ घाण्यात घालीत नसतील, कारण निघालेले तेल दुसऱ्या दिवशी उतरविण्यास कोणी नसे. माझा हिशेब त्याहून निराळा नव्हता.

येथे कोणी विचारील की जीव वाचविण्यासाठी तर शब्बाथ मोडण्याची आज्ञा आहे, मग नमुना का थांबवावा? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. परदेशातील रोग्यासाठी दात्याच्या मज्जेतील किंवा रक्तातील मूळ पेशी पाठवावयाच्या असतात, तेव्हा त्या पेटीस थांबता येत नाही. साधारण 72 तासांच्या आत त्या रोग्याच्या शरीरात जाव्या लागतात. ती पेटी टपालाने किंवा मालवाहू कक्षातून जात नाही. एक माणूस ती स्वतःच्या हाती घेऊन विमानात बसतो आणि पोहोचेपर्यंत नजरेआड करीत नाही. पलीकडच्या रोग्याची स्वतःची मज्जा औषधांनी आधीच नष्ट केलेली असते, म्हणून तेथे पिकुआह नेफेशचा विचार लागू होतो आणि त्याचा निर्णय अधिकारी रब्बी व डॉक्टर करतात. संशोधनाचा नमुना मात्र फ्रीझरमध्ये रविवारपर्यंत राहू शकतो. जे थांबू शकते ते थांबविण्यासाठी आधीपासून आखणी करावी, म्हणजे जे थांबू शकत नाही त्यासाठी हात मोकळे राहतात. तातडी हा शब्द फार लवकर वापरणाऱ्या अनेक माणसांशी माझा संबंध आला. बहुधा त्यांची तातडी म्हणजे मंगळवारी न केलेले काम असे.

आता त्या नळीत काय आहे, याचा विचार करू. तिच्यावर नाव नसते. एक क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक कोणत्या माणसाचा हे सांगणारी यादी इस्पितळात कुलुपबंद राहते. परदेशातील प्रयोगशाळेस त्या माणसाचे नाव कधी कळत नाही. हे असे का असावे, याचे उत्तर यहुदी श्रोत्यांस वेगळे सांगावे लागू नये. नाझी डॉक्टरांवर न्यूरेम्बर्ग येथे खटला चालला आणि 1947 च्या निकालात दहा कलमांची एक संहिता आली. तिचे पहिलेच कलम सांगते की माणसाची स्वतःच्या इच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. पुढे 1964 मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने फिनलंडच्या राजधानीत हेलसिंकी घोषणापत्र स्वीकारले. येथे इस्राएलात प्रत्येक इस्पितळात माणसांवरील प्रयोगास मंजुरी देणारी जी समिती असते, तिला आपण सर्वजण ‘हेलसिंकी समिती’ म्हणतो, ते याच घोषणापत्रावरून. 1980 पासून येथे त्याविषयी सरकारी नियम आहेत, आणि आनुवंशिक माहितीविषयी 2000 सालचा स्वतंत्र कायदा आहे. माझ्या टेबलावरील नळीमागे हा एवढा इतिहास उभा असे. संमतिपत्रात ‘नमुना परदेशी पाठविण्यास माझी हरकत नाही’ या ओळीसमोर खूण नसेल, तर ती नळी कितीही मोलाची असली तरी पेटीत जात नसे.

आणि या नळ्यांनी आपल्याच समाजाला काय दिले, तेही पाहा. 2016 मध्ये ‘प्लॉस वन’ या शास्त्रीय नियतकालिकात बेने इस्राएलांच्या आनुवंशिकतेवर एक निबंध प्रसिद्ध झाला. आपल्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी वंशाचा आणि भारतीय वंशाचा असा दोन्हींचा अंश आहे, असे त्यातून दिसून आले. नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या तारवाची आणि वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आपल्या आजीने सांगितली होती. ती जशीच्या तशी प्रयोगशाळेत सिद्ध होत नसते. पण ज्यांनी 1960 च्या दशकात आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली आणि विवाहाच्या नोंदीसाठी आपल्या आईबापांस वंशावळी विचारल्या, त्यांच्या नातवंडांनी तो निबंध वाचावा असे मला वाटते. त्या निष्कर्षासाठी आपल्यातील काही सामान्य माणसांनी हात पुढे केला, संमतिपत्रावर सही केली, आणि कोणीतरी त्यांच्या नळ्यांवर क्रमांक नीट चिकटविले.

क्रमांक नीट चिकटविण्याने काय होते, याचे एक उदाहरण मुंबईच्याच इतिहासातून देते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे 1860 साली जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि तेथून लसीच्या बाटल्या देशभर पाठविल्या जाऊ लागल्या. म्हणजे पाहा, संशोधनशाळेतून पेट्या पाठविण्याचे काम तेथेही कोणीतरी करीतच होते.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जणांना धनुर्वात होऊन ते मरण पावले. एकोणिसांनाही एकाच बाटलीतील लस मिळाली होती आणि त्या बाटलीवर ‘53 एन’ हा क्रमांक होता. दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरविण्यात आला आणि हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले. पुढे पुरावा नीट तपासला गेला तेव्हा असे दिसले की बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. 1907 च्या जुलै महिन्यात नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. पाच वर्षे एका माणसाची अब्रू टांगणीवर होती. 1925 मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

या प्रकरणात माझ्यासारख्या माणसाने दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. बाटलीवर क्रमांक होता म्हणून एकोणीस मृत्यू एकाच बाटलीशी जोडता आले आणि त्या दिवशी वापरलेल्या बाकीच्या बाटल्यांवरील संशय फिटला. पण ती बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि शेवटच्या हाताने काय केले, याची तितकीच पक्की नोंद पहिल्या दिवशीच पुढे आली असती, तर पाच वर्षे लागली नसती. आज आमच्या प्रत्येक पेटीबरोबर एक कागद जातो. त्यावर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, तारीख आणि वेळ असते, आणि पेटीत तापमान नोंदविणारे एक छोटे यंत्र असते, जे प्रवासभर दर काही मिनिटांनी आकडा लिहून ठेवते. लोकांना तो अविश्वास वाटतो. मला तो प्रामाणिक माणसाचा आधार वाटतो.

तोरात शेमोथच्या ग्रंथात, बाविसाव्या अध्यायात, दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याविषयी आज्ञा आहेत. मिश्नातील आचार्यांनी त्यांवरून चार प्रकारचे शोमेर, म्हणजे राखणदार, सांगितले : फुकट सांभाळणारा, पगार घेऊन सांभाळणारा, भाड्याने घेणारा आणि उसने घेणारा. फुकट सांभाळणाऱ्याने निष्काळजीपणा केला नाही म्हणजे त्याची सुटका होते. पगार घेणाऱ्यास मात्र वस्तू हरवली किंवा चोरीस गेली तरी भरपाई द्यावी लागते. आवाक्याबाहेरच्या संकटापुरतीच त्याला सूट आहे. मी पगार घेत होते. म्हणजे मी दुसऱ्या प्रकारची राखणदार होते, आणि ‘माझ्याकडे आली तेव्हा पेटी अशीच होती’ हे वाक्य मला तेव्हाच शोभले असते, जेव्हा ते मी पेटी घेताना लिहून ठेवले असते.

एक प्रसंग सांगते. रोग्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ताम्मूझ महिन्यातील उन्हाळा होता. युरोपातून चाचणीचे औषध आले. ते 2 ते 8 अंशांत राहिले पाहिजे असे होते. पेटी घेऊन आलेला वाहतूकदार घाईत होता. मी पेटी उघडून यंत्र पाहिले तर त्यावर लाल खूण होती : सात तास तापमान मर्यादेबाहेर गेले होते आणि अकरा अंशांपर्यंत चढले होते. वाहतूकदार म्हणाला, ‘हात लावून पाहा बाई, पेटी थंड आहे. दोन-तीन अंशांनी काय होते? सही करून टाका.’ त्याचे म्हणणे कदाचित व्यवहाराचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेगेवमधील एका गावाहून एक वृद्ध बाई त्याच औषधासाठी बसने येणार होत्या, हे मला ठाऊक होते. दुसरी पेटी नव्हती.

मी पावतीवर यंत्राचा आकडा लिहिला आणि मग सही केली. औषधशाळेने ती पेटी वेगळ्या शीतकपाटात ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून ठेवली आणि कंपनीस कळविले. रात्री उत्तर आले की हे औषध देऊ नये. सकाळी त्या बाई आल्या आणि औषधाविना परत गेल्या. त्यांचा मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन मोठ्या आवाजात म्हणाला, ‘तुमच्या कागदांपायी माझी आई मरेल.’ मी त्याला काही उत्तर दिले नाही, कारण भीतीने बोलणाऱ्या माणसाशी नियमांची भाषा बोलू नये. दुसरी पेटी चार दिवसांनी आली. त्या बाईंना उपचार मिळाला आणि पुढे कितीतरी महिने मी त्यांना दालनात बसलेले पाहत होते. पहिल्या पेटीतील औषध रंगाने, वासाने अगदी नव्यासारखेच होते. त्यात बिघाड झाला असेल तर तो डोळ्यांना दिसत नसतो, म्हणून तर ते यंत्र घातलेले असते. त्या रात्री मला झोप आली नाही, हे मात्र खरे. योग्य वागले तरी झोप येतेच असे नाही.

दुसरा प्रसंग आपण सर्वांनी मिळून भोगलेला आहे. 7 ऑक्टोबर 2023 नंतर परदेशी विमान कंपन्यांनी एकामागून एक आपली उड्डाणे रद्द केली. प्रवासी विमानांच्या पोटातूनच पुष्कळसा माल जातो. विमाने गेली की जागा गेली. आमच्या कार्यालयातील तरुण मुले मिलुइमवर गेली. फ्रीझर नमुन्यांनी भरत चालले आणि इकडे चाचण्यांतील रोग्यांची औषधे संपत आली. आम्ही एक कागद घेऊन क्रम लावला. प्रथम येणारे औषध, कारण त्यावर आज कोणाचे तरी आरोग्य अवलंबून आहे. मग ताज्या रक्ताचे नमुने, जे गोठविता येत नाहीत आणि ज्यांचे आयुष्य दिवसांत मोजतात. मग गोठविलेले नमुने, जे महिनोन्‌महिने राहू शकतात. शेवटी कागदपत्रे. सायरन वाजला की आश्रयखोलीत जाताना आमच्यापैकी एकजण नोंदवही काखेत घेऊन जाई. आम्ही तिला हसत असू, पण ती वही सुरक्षित होती म्हणूनच विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा फ्रीझरमधील प्रत्येक नळी कोणाची, केव्हाची आणि कोठे जावयाची, हे आम्हांस ठाऊक होते.

आता शेवटी घरी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगते.

इस्पितळात तुम्हांस संशोधनासाठी नमुना मागितला, तर संमतिपत्र घाईत सही करू नका. ते तुम्हांस कळेल अशा भाषेत समजावून मागा. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना हिब्रू बोलता येते, पण कायदेशीर हिब्रू वाचता येत नाही, आणि यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मुलास किंवा नातवास बरोबर न्या. चार प्रश्न विचारा : नमुना कोठे जाणार, किती काळ ठेवणार, दुसऱ्या संशोधनासाठी वापरणार काय, आणि मी नंतर नाही म्हटले तर काय होईल? संशोधनातून केव्हाही बाहेर पडण्याचा तुम्हांस अधिकार आहे, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबविता येत नाही.

डॉक्टरांनी अमुक वेळी रक्त देण्यास या असे सांगितले, तर ती वेळ पाळा. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर त्या दिवशीचे विमान चुकते आणि कधी कधी तुमचे रक्त पुन्हा काढावे लागते.

चुकून दुसऱ्याच्या नावाचे पाकीट तुमच्या पेटीत पडले, तर ते उघडू नका आणि फेकूही नका. शेजारच्या दारी नेऊन द्या. हरवलेली वस्तू मालकास परत करणे ही मित्स्वा आहे, आणि त्या पाकिटात एखाद्याच्या तपासणीचा निकाल असू शकतो.

आणि जी तरुण मुले ‘पेट्या बांधण्याचे काम’ म्हणून नाक मुरडतात, त्यांना एवढेच सांगते की मला या कामात नावाजण्याजोगे काही मिळाले नाही. शास्त्रीय निबंधांत आमची नावे छापली जात नाहीत. बावीस वर्षांत कितीतरी हजार नळ्या माझ्या हातून गेल्या, आणि त्यांतील एकाही माणसाचे नाव मला ठाऊक नाही. पण त्यांपैकी प्रत्येकाने विश्वासाने आपली बाही वर सारली होती. पगाराच्या दिवशी मी तेवढे लक्षात ठेवीत असे.

 परमेश्वर आजारी असलेल्या सर्वांस रेफुआ शेलेमा देवो आणि सीमेवर असलेल्या आपल्या मुलांस सुखरूप घरी आणो. शालोम.